कधीच न अडकणारा फोन

“नुसतं बोट लावायचा अवकाश, की उघडलाच! पाच वर्षं वापरा, हा कधी अडकायचा नाही.” सेल्समनचं वाक्य संपतंय न संपतंय, तोच काचेच्या काउंटरवर एक जुना फोन येऊन टेकला.

“याच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात,” फोन ठेवणाऱ्या बाई म्हणाल्या. “हा अडकला.”

सकाळीच नवा फोन बाजारात आला होता. त्यासाठीची रांग दुकानाच्या दारापर्यंत गेली होती. पुढच्या चारपाच जणांनी माना वळवल्या. कोपऱ्यातल्या मॅनेजरने चष्म्यावरून पाहिलं. आज सगळ्यांसमोर अब्रूचं खोबरं होणार, हे सेल्समनने ओळखलं.

त्याला आधी फोन ओळखू आला आणि मग बाई. निळा फोन. कडांचा रंग आता पार उडून गेला होता. त्या वर्षीचा सगळ्यात भारी फोन. या बाई आणि त्यांचा नवरा निळा की काळा यावरून इथेच अर्धा तास भांडले होते. शेवटी दोघं हसत त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, “तुम्हीच सांगा बुवा.” त्याने निळा सांगितला होता, कारण त्याने स्वतःसाठी तोच घेतला होता.

काय दिवस होते ते! नवी नोकरी, नवे बूट, आणि जे बोलायचं त्यावर पक्का विश्वास. फोन घरी नेला तेव्हा वडिलांनी आधी हात पुसले आणि मगच तो हातात घेतला. आईला फोटो दाखवताना तिने स्वतःचाच फोटो बघून केस सारखे केले. काही काम नसताना तो गच्चीवर बसून नुसता फोनचा पडदा सरकवत राहायचा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाण्यावर होडी सरकावी तसा. आपण जगाला काहीतरी खरं आणि चांगलं विकतोय, असं तेव्हा वाटायचं.

मग तो फोन मंदावला. आधी कॅमेरा उघडायला वेळ लागायला लागला, मग साधा नंबर लावायलाही. ज्यांना ज्यांना तो विकला होता त्यांचे चेहरे त्याच्या डोळ्यांसमोर यायचे. पण दरवर्षी नवा फोन येत गेला आणि दरवर्षी तो तेच वाक्य बोलत गेला, पाढे म्हणावेत तसं. दुकानातले सोबती त्याला पोपट म्हणायचे. तोही हसून घ्यायचा.

“ताई, जुना झाला की थोडंफार व्हायचंच,” तो चाचरत म्हणाला. “फार त्रास झाला का?”

“झाला ना. नेमका नको त्या वेळी अडकला.” बाईंनी आवाज खाली आणला. तरी पुढचे दोघंतिघं कान टवकारून होतेच. “लग्नाला तीन वर्षं झाली होती. रोजची कटकट. एक दिवस तणतणत घराबाहेर पडले. बसस्टॉपवर बसून नवऱ्याला हा एवढा लांब मेसेज लिहिला. आता आपलं संपलं, सामान न्यायला भावाला पाठवते, सगळं लिहिलं. पाठवायचं बटण दाबलं, आणि हा ढिम्म! पुढे जाईना, मागे येईना. बंदसुद्धा होईना. तुम्हाला काय शिव्या घातल्या म्हणून सांगू!”

“मला?”

“मग कुणाला? तुम्हीच तर विकलात. म्हटलं, मरू दे, तोंडावर जाऊन सांगते. तशीच पाय आपटत घरी गेले.”

“मग?”

“दार उघडंच होतं. नवरा स्वयंपाकघरात खाली बसलेला, मांडीवर माझी चप्पल. तिचा तळ निघाला होता, मी महिनाभर ओरडत होते. त्याने तो चिकटवला होता आणि दोन्ही हातांनी दाबून धरला होता. मला बघून उठलासुद्धा नाही. म्हणाला, ‘थांब, आत्ता सोडली तर परत निघेल.’” बाईंनी जुन्या फोनच्या कडेवरून अंगठा फिरवला. “मग मी पण खाली बसले. एका बाजूने मी धरली.”

रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

“फोन चालू झाला तेव्हा तो मेसेज उडून गेला होता,” बाई म्हणाल्या. “परत काही लिहिला नाही.”

 सेल्समनने जुना फोन उचलला, रुमालाने हलकेच पुसला आणि बाईंच्या हातात परत दिला. “ते कुठे आहेत आज?”

“बाहेर गाडीला जागा शोधतोय. सापडली तरी त्याला पटायची नाही.” बाई हसल्या आणि काउंटरवरच्या नव्या फोनकडे वळल्या. “आता खरं सांगा हं. हा अडकेल का?”

रांग ऐकत होती. मॅनेजर उठून दोन पावलं जवळ आला होता. पाढा जिभेवर तयार होता. सेल्समनने तो गिळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपला आवाज त्या नव्या बुटांच्या दिवसांतला वाटला.

“अडकेल, ताई. दोनेक वर्षं वाऱ्यासारखा पळेल, मग हळूहळू दमेल. कधीतरी नक्की अडकेल.”

मॅनेजरला ठसका लागला.

“मग हाच बांधून द्या,” बाई म्हणाल्या. “धाकट्या बहिणीचं लग्न आहे.”