मेलेला काटा

फेरी मारून व्हॅन अंगणात आली, तरी स्पीडोमीटरचा काटा शून्यावरच. हरेश्वरने वैतागून स्टिअरिंगवर थाप मारली. फ्यूज शाबूत होता. मीटर तपासून झालं होतं. सेन्सर तर कालच नवा घातला होता.

"आता वायरच राहिली," तो बायकोला, लतिकाला म्हणाला.

राजोडीच्या किनाऱ्यावर त्यांचा कॅम्प होता; तिथल्या वाळूत तंबू आणि खाटा न्यायच्या म्हणून त्याने ही जुनी व्हॅन फोर-व्हील-ड्राइव्ह करून घेतली होती. त्या कामात सेन्सरची जागा मागे सरकली आणि वायरला जोड द्यावा लागला.

"जोड सैल असनार. पन गाडी पळते तेव्हाच तो हलतो. मी मागे बसून धरतो, तू चालव."

मागे एकदा लतिकाने गाडी शेजाऱ्यांच्या कुंपणात घातली होती. कोणाला खरचटलंही नव्हतं, पण तेव्हापासून ती रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघायची. काटा तिसाला टेकला की पाय आपोआप वर. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. आणि आता हरेश्वरच्या डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं. तो बरा होईपर्यंत व्हॅन तिनेच चालवायची, नाहीतर किनाऱ्यावरचा कॅम्प बंद ठेवायचा.

"अहो, काटा दिसल्याशिवाय मला नाही जमायचं."

"मोबाइलवर वेग दिसतो ना! मी सांगत जाईन."

रविवारची सकाळ. हायवे मोकळा होता. वसई फाट्यावर हरेश्वर मागे गेला, सीटमागचं झाकण उघडून खाली बसला. एका हातात वायरचा जोड, दुसऱ्यात मोबाइल. पेल्हारपर्यंत जायचं आणि परत फिरायचं, असं ठरलं.

"किती?" लतिकाने विचारलं.

"वीस. जरा दाब."

तिने दाबलं. "आता?"

"पंचवीस. मस्त चाललीय."

काट्याकडे बघण्यात अर्थच नव्हता, म्हणून ती समोर बघू लागली. रस्ता चांगला रुंद होता. उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर. हे डोंगर एवढे हिरवे असतात, हे तिला आजच दिसत होतं. पुढे कोंबड्यांचा एक टेम्पो फारच रेंगाळत होता. तिने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि त्याला सहज मागे टाकलं. टेम्पोवाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

"आता किती हो?"

"अठ्ठावीस," मागून आवाज आला. "तिसाच्या आतच आहेस. घाबरू नको."

ती घाबरलीच नव्हती. हात कोरडे होते. ती चक्क गुणगुणत होती.

तेवढ्यात मागे वायर कुठेतरी नीट बसली. काटा थरथरला, उसळला आणि साठावर जाऊन ठाम उभा राहिला.

लतिकाचा पाय उचलला जाणार होता. तो जागीच राहिला. तिने आरशात पाहिलं. मुद्दाम अठ्ठावीस सांगणारा नवरा खाली मान घालून, जीभ दाताखाली धरून वायरशी झटत होता. पेल्हारचं वळण जवळ आलं होतं.

"काटा हलला का गं?" त्याने ओरडून विचारलं.

"छे हो, मेलेलाच आहे," लतिका म्हणाली आणि पेल्हार मागे टाकलं. "तुम्ही शोधत राहा, तोवर मी पुढे शिरसाडपर्यंत जाऊन येते."