उरलेला गारवा

रजेवर जाताना मी गायींच्या कृत्रिम रेतनासाठीच्या गोठवलेल्या वीर्यकांड्यांचं भांडं ताईच्या नगरच्या प्रयोगशाळेत ठेवलं होतं. “निम्मा द्रव नायट्रोजन वापर, उरलेल्या गारव्यावर कांड्या जगतात,” एवढंच बजावलं होतं. आज ती भांडं घेऊन मेटॅडोरमधून घोडेगावला उतरली ती हसतच. तिच्या बाटलीत झिरकोनिया या सिरॅमिकची पूड होती, श्वासानेही उडेल इतकी बारीक. द्रावण नायट्रोजनने गोठवून, बर्फ वितळू न देता निर्वातात उडवून, भट्टीत भाजून केलेली. मी भांड्याचं झाकण काढलं. पांढरी वाफ आली नाही; नायट्रोजन पार संपला होता. सगळ्या कांड्या मेल्या होत्या. “मध्येच थांबले असते तर वर्षाची मेहनत गेली असती, नोहा,” ती म्हणाली. दारात कचरूमामा माजावर आलेली गाय घेऊन उभे होते. “डाक्टर, तुमच्यावरच भरोसा हाय.” ताई कुजबुजली, “मेलेली कांडी कुणाला ओळखू येते?” मी कांडी तिच्या हातात ठेवली. “मामांना तूच सांग.”