घराची एकच किल्ली

दोघं नवराबायको एकाच मार्गावर रेल्वेगाडी चालवायचे. लाइन एकेरी, म्हणून मधल्या स्टेशनात तिची गाडी समोरून येणाऱ्या त्याच्या गाडीसाठी थांबायची. ती कामावर निघालेली, तो घरी परतणारा. खिडकीतून घराची किल्ली त्याच्या हातात दिली की झाली भेट. असंच स्टेशनास्टेशनात समोरच्या गाड्यांसाठी थांबत थांबत ती रात्री परतेपर्यंत पहाटेच्या ड्यूटीचा तो झोपलेला असायचा. आज दुसरी लाइन सुरू झाली. गाड्या शेजारून सुसाट गेल्या आणि किल्ली तिच्या मुठीतच राहिली. एवढी साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. ती घरी पोचली, तेव्हा अजून उजेड होता आणि तो पायरीवर ताटकळत बसला होता. “उद्याच दुसरी किल्ली करून आणतो,” तो कुरकुरला. रूळ टाकणाऱ्यांचं भलं होवो, मनात म्हणत ती शेजारी टेकली. “काही नको,” म्हणाली, आणि किल्ली पर्समध्ये टाकली.