शानी उतरत नाही

शानी शेडच्या छपरावर बसली होती. तिच्या पायाला एक बारीक नळी होती, आणि त्या नळीत दोन माणसांचा ठावठिकाणा होता.

खाली इथेल प्रॉसर वाटाण्यांचा डबा वाजवत उभा होता. वेल्समधल्या अँगल्सी बेटावरच्या या नौदल तळावरची कबुतरं तो सांभाळायचा. उड्डाणाच्या दिवशी पाखराच्या पोटात दाणा जाता कामा नये, हा त्याचा नियम. डब्याचा आवाज आला की भुकेलं पाखरू सरळ खुराड्यात शिरतं. शानी तर त्याने अंड्यातून निघाल्यापासून वाढवलेली. सहा वेळा समुद्रावरून आली होती, सहाही वेळा थेट आत शिरली होती.

प्रॉसरने पुन्हा डबा वाजवला. शानीने मान वाकडी करून खाली पाहिलं आणि पंखाखालची पिसं साफ करू लागली.

ब्लिंप सकाळी सात वाजता जर्मन पाणबुड्या शोधायला गेला होता. वर वायूने भरलेला लांबट फुगा, खाली पंख काढलेल्या विमानाचा सांगाडा, त्यात दोन माणसं. पुढे बिनतारी यंत्र चालवणारा इद्वल, मागे चालक लेफ्टनंट रिड्सडेल. दहा पन्नासला इद्वलचा संदेश आला : इंजिन बंद, खाली येतोय. त्यानंतर काही नाही. यंत्राची संदेश सोडणारी लांब तार ब्लिंपच्या खाली लोंबकळते. ती पाण्यात बुडाली की यंत्र मुकं होतं. मग उरतं ते टोपलीतलं कबुतर.

बंदरात बोट वाफ धरून तयार होती. कुठे जायचं ते तिला कोणी सांगू शकत नव्हतं. फुगा तरंगतो तोवर माणसं त्याला धरून राहतात. नंतर मार्चचं गोठवणारं पाणी.

"दमली असेल," कमांडर म्हणाला. "गोळी घाल तिला, प्रॉसर."

"साहेब, छपराखाली काय आहे?"

कमांडरने आदेश मागे घेतला. त्या शेडमध्ये दुसरा ब्लिंप होता, हायड्रोजनने काठोकाठ भरलेला. इथे माणसं काड्यापेट्या फाटकावर ठेवून आत येत, आणि बुटाच्या खिळ्याने ठिणगी पडू नये म्हणून रबरी तळव्यांचे बूट घालत.

एक खलाशी शिडी लावून वर चढला. "ये गं बाई," तो गुडघ्यांवर सरकत म्हणाला, "तुझ्या पाया पडतो. पायच तेवढा दे."

"तिला लग्नाचं विचार," खालून कोणीतरी ओरडलं. "लाजून तरी उतरेल."

शानी उडाली आणि छपराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. त्यानंतर कोणी थट्टा केली नाही.

फुग्याच्या कापडाला ठिगळं लावणाऱ्या बायका शेडबाहेर येऊन उभ्या होत्या. त्यांत लुनेद होती. तिच्या बोटांवर रबराचा डिंक वाळला होता. जूनमध्ये तिचं आणि इद्वलचं लग्न ठरलं होतं. सकाळी तिने त्याला काळ्या मनुका घातलेला पाव बांधून दिला होता. तळावर कोणी मनुका पाहिल्याला वर्ष झालं होतं. तिच्या आईने मूठभर जपून ठेवल्या होत्या, त्या तिने मागून घेतल्या. "आमच्यासाठी नाही का गं, वहिनी?" असं म्हणत सगळ्यांनी इद्वलला चिडवून घेतलं होतं.

आता ती फक्त वर बघत होती.

शानी येऊन बसल्याला एक्केचाळीस मिनिटं झाली. मग शानी आपणहून उठली, शेडवरून एक गिरकी घेतली आणि दूर खंदकापलीकडच्या कुंपणावर जाऊन बसली. प्रॉसरने बंदूक घेतली. तो वळसा घालून समुद्राच्या बाजूने गेला, शेडकडे पाठ केली आणि एकच बार काढला. परत आल्यावर त्याने नळी कमांडरच्या हातात दिली, आणि आतली चिठ्ठी वाचताच बोट सुटली. पाखरू स्वतःकडे ठेवलं.

दीड वाजता बंदरातून फोन आला. कमांडर बाहेर आला आणि टोपी काढून लुनेदसमोर उभा राहिला.

"रिड्सडेल सापडला," तो म्हणाला. "बोट पोचायच्या वीस मिनिटं आधीपर्यंत इद्वल बोलत होता. मग हात सुटला."

प्रॉसर खुराड्यात बसला होता. शानी त्याच्या मांडीवर होती. सवयीने त्याचा अंगठा तिच्या गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीवर गेला आणि तिथेच थांबला. पिशवी टणक होती. तट्ट भरलेली. त्याने चाकू काढला.

भिजून फुगलेला पाव निघाला. त्यात पाच काळ्या मनुका होत्या, अख्ख्या.

दारात सावली पडली. लुनेद उभी होती. ती रडत नव्हती.

"उपाशी ठेवता तुम्ही त्यांना," ती म्हणाली. "म्हणून दमून बसली ती. पोटात पुरेसं असतं तर आली असती खाली. तिची भूक मला दिसत होती, प्रॉसरकाका. सकाळी तुमची पाठ वळल्यावर मीच तिला माझ्या हाताने भरवलं. म्हटलं, खा आणि त्याला घेऊन ये. पण दोन घास कितीसे पुरणार?"

प्रॉसरने मनुकांवर मूठ मिटली.

"नाही पुरत, पोरी," तो म्हणाला. "तिला उपाशी ठेवायला नको होतं. चूक माझी."