वरची फळी

खारूताई शिडीवरून उलट्या पावलांनी खाली उतरली, तेव्हा तरणतलावावरची झाडून सगळी मुलं फिदीफिदी हसत होती. चढायला पोर इतकी चपळ, की पोहायला शिकवणाऱ्या सरांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. पण उडी मारायच्या वरच्या फळीच्या टोकाशी गेली, खालचं निळं पाणी बघितलं आणि तशीच मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखलं. मग डोकं. मग पुन्हा पोट. तलावावर जाणंच बंद झालं.

एका संध्याकाळी सर दारात उभे.

"आता नाही जायची ती," आई म्हणाली. "धसकाच घेतलाय पोरीने."

सर आत आलेच नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "खारूताई, उद्या नुसतं वर जाऊन उभं राहायचं. उडी मारायची नाही. मारलीस तर माझ्याशी गाठ आहे."

ती गेली. वर उभी राहिली. पलीकडची छपरं बघितली, कुणाच्या तरी गच्चीवर वाळणारे कपडे बघितले आणि उतरली. खाली सर टॉवेल घेऊन उभे. मग रोज हेच. हसणारेसुद्धा कंटाळले. एके दिवशी तिलाच शिडी उतरायचा कंटाळा आला आणि तिने उडी मारली.

"मारायची नाही म्हणून सांगितलं होतं ना," सर म्हणाले. आवाज रागावलेला होता, पण टॉवेल पाण्यात पडला तरी त्यांना पत्ता नव्हता.

पुढे तिने पुष्कळ बक्षिसं मिळवली. आता त्याच तलावावर ती मुलांना शिकवते. केस पिकायला लागलेत, पण क्लोरीनचा वास आला की अजून ती एवढीशी होते.

परवा काठी टेकत सर तिला भेटायला आले. बाकावर चहा घेत दोघं वरच्या फळीकडे बघत बसली. जुन्या गोष्टी निघाल्या. इतक्या वर्षांत विचारायचं राहून गेलेलं तिने विचारलं, "सर, तुम्ही इथून पहिली उडी कधी मारलीत?"

"वरून? कधीच नाही."

तिला वाटलं, सर थट्टा करतायत.

"तू होतीस ना तेव्हा, तेवढाच होतो मी. चढलो, घाबरलो, उतरलो. सगळे हसले, तसा घरी निघून गेलो." सरांनी कप खाली ठेवला. "कितीतरी दिवस दाराकडे बघत बसायचो गं. कुणी आलंच नाही."