मिटलेलं तोंड

सत्त्याण्णव साली वरसे गावच्या महिपतीचं तोंड उघडेनासं झालं. कंपनीत प्रत्येक शिफ्टला गुटखा खाऊन गाल आतून चामड्यासारखे ताठ झाले होते. भाकरीही चुरून खावी लागायला लागली, तेव्हा बायको बायजाने त्याला बखोटीला धरून रोह्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी मापून बघितलं, तर दोन बोटंही आत जाईनात.

"गुटखा आजपासून बंद," ते म्हणाले.

"राहू द्या असंच, डॉक्टर," बायजा म्हणाली. "इतकी वर्षं हे माझ्यावर ओरडले. आता कुठं घरात शांतता हाय."

"हिचं पण विचारा," महिपती दातांतल्या दातांत पुटपुटला. "रोज सकाळी मशेरी घेऊन पायरीवर बसते, ती उठतच नाय."

"मशेरीनं दात घट्ट राहतात," म्हणत बायजा तोंडभर हसली. डॉक्टरही हसत होते, ते मध्येच थांबले.

"वहिनी, तोंड तसंच उघडं ठेवा आणि जरा उजेडात या."

खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा होता. तो कॅन्सर नव्हता, पण दुर्लक्ष केलं असतं तर होण्याची भीती होती. मुंबईला नेऊन तो काढला. मशेरी सुटली, गुटखाही सुटला.

महिपती आता गावभर सांगतो, "बायजाला मी वेळेवर डॉक्टरकडं नेली म्हणून वाचली."

बायका हसून बायजाकडे बघतात. ती म्हणते, "खोटं नाय गो. ह्यांचं तोंड मिटलं, म्हणून माझं कुणीतरी बघितलं."