कपेंब्वाचा स्टिरिओ

न्गोसा धापा टाकत चिपाशा मिस्त्रीच्या टपरीत शिरली तेव्हा स्टिरिओ चालू होता. हिरवा दिवा पेटला होता, तबकडी फिरत होती आणि म्हातारा मिस्त्री डोळे मिटून कान लावून बसला होता.

"बंद करा आधी," ती म्हणाली.

"अगं, ऐक तरी, कसोंदेची आई. दीड महिना घातलाय मी याच्यात. पट्टा मिळेना, तर सायकलच्या ट्यूबमधून कापून बसवला. लोक म्हणतात, फेका आणि चिनी आणा. चिनी डबा महिन्यात बोंबलतो."

"मिस्त्री, त्यांना चिठ्ठी सापडली."

स्टिरिओ दुरुस्तीला टाकला तेव्हा मिस्त्रीनेच ती चिठ्ठी दिली होती, तिच्या नवऱ्याच्या नावाने. त्या नवऱ्याला, कपेंब्वाला, माती देऊन पाच दिवस झाले होते. पाच दिवसांत त्याच्या भावांनी घर धुऊन नेलं. पलंग, फ्रिज, पातेली, पडदे. हो, पडदेसुद्धा. मुफुलिरात, या खाणीच्या गावात, नवरा मेला की क्वार्टर खाणवाले काढून घेतात, आतलं सामान सासरचे, आणि दोघंही तोंड पाडून सांत्वन करून जातात. आज सकाळी मेलेल्याचे कपडे वाटून घेताना कोटाच्या खिशातून चिठ्ठी निघाली.

"लॅक्सन भावजी गाडी घेऊन येताहेत. मी आडवाटेने पळत आले. मिस्त्री, हा बिघडवा."

"काय करू?"

"बिघडवा. चालू दिसला तर उचलतील. बंद खोकं कोण नेणार?"

अठ्ठावीस वर्षांत असलं काम मिस्त्रीला कुणी सांगितलं नव्हतं.

"भाड्याची एक खोली बघून ठेवलीय मी," न्गोसा म्हणाली. "मक्याची बीअर मी कुठेही करीन, पण गिऱ्हाईक अंगणात टेकतं ते याच्या आवाजाला. हा गेला तर तीन पोरांच्या ताटात काय वाढू? आणि घेतला कुणी होता? बीअर विकून मी घेतला. खाणीच्या दुकानाने पावती नवऱ्याच्या नावाने फाडली, एवढंच."

मिस्त्रीने पाठीमागचा पत्रा उघडला, फ्यूज ओढून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. हिरवा दिवा गेला. पत्र्याचा शेवटचा स्क्रू पिळतोय तोच लॅक्सन दारात उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही इथे?"

"मिस्त्रींना सांगायला आले. हे गेले म्हणून."

"ते आम्ही सांगितलं असतं की." त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. खोक्यावर दोन थापा मारल्या. "काय झालंय याला?"

"आतून जळालाय. याचं सामान आता मिळत नाही," मिस्त्री म्हणाला.

लॅक्सनने एक बाजू उचलून पाहिली. बाहेर त्याची गाडी आधीच शिगोशीग भरली होती, सगळ्यात वर न्गोसाची गादी. "न्दोलापर्यंत हे मढं कोण वाहणार? ठेव तुला. सुटे भाग काढ." पाच दिवसांपूर्वी पुरलेल्या भावाच्या बायकोसमोर तो मढं म्हणाला आणि त्याला काही वाटलं नाही.

"मग तसं लिहून द्या," मिस्त्री म्हणाला. "उद्या तुमचा दुसरा भाऊ दारात उभा राहिला तर मी काय दाखवू?"

न्गोसाने मान खाली घातली. डोळ्यांतलं कौतुक दिराला दिसायला नको होतं. म्हाताऱ्याने पक्की गाठ मारली होती. आता सासरचं कुणीही येवो.

लॅक्सनने चिठ्ठीच्या पाठीवर खरडलं. स्टिरिओ चिपाशाला दिला, घरच्यांचा काही हक्क नाही. "वहिनी, साक्षीला तुमची सही. मागाहून कटकट नको." तिने सही केली.

लॅक्सन बाहेर जाऊन गाडीचे दोर आवळू लागला.

"त्यांची गाडी हलली की हातगाडीवाल्याला हाक मारते," न्गोसा हळूच म्हणाली.

"कशाला?"

"न्यायला."

"काय न्यायला?"

थट्टा आहे समजून ती हसली. मिस्त्री हसला नाही. त्याने चिठ्ठीची बारीक घडी केली.

"हे बघ, कसोंदेची आई. मी जन्मभर दुसऱ्यांचे स्टिरिओ वाजते करून दिले. माझ्या घरी एक खरखरणारा रेडिओ आहे. आज हा मला मिळाला. त्यांनी दिला, तू सही केलीस."

"तुमच्या भरवशावर केली."

"कागदावर भरवसा लिहिलेला नाही."

"मिस्त्री, माझी पोरं."

"मग जा, सांग त्याला. बाहेरच आहे." एवढं बोलून तो फडक्याने स्टिरिओवरची धूळ पुसू लागला, स्वतःच्या घरातली वस्तू पुसावी तसा. तिने बाहेर तोंड उघडलं तर तिच्या हाती काय लागणार, हे त्याला नीट माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

ती दारापर्यंत गेली. लॅक्सन चाकावर पाय देऊन तिच्या गादीवरचा दोर खेचत होता. शेवटची गाठ मारून तो खाली उतरला, हात झटकले आणि गाडीचं दार उघडलं.

"भावजी, थांबा," न्गोसा म्हणाली. "तो चालतो. फ्यूज याच्या खिशात आहे."